पानशेतच्या आईचा हवालदार

आमच्या घरातून कुणीही बाहेर निघालं, अगदी नदीवर धुणं घेऊन निघालं तरी, मामंजी ओट्यावरून उठून दाराशी येत आणि विचारीत, "येताना कंच्या वाटेनं येणार?"

कुठं चाललात, असं ते विचारत नसत. कधी येणार, असंही नाही. फक्त वाट विचारायची आणि मान हलवून परत ओट्यावर बसायचं. पुढं एकदा मीच धीर करून त्यांना याचं कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "जाणारं माणूस समद्या गावाला दिसतं, पोरी. येणारं कुणाला दिसत न्हाई. वाट ठाव असली म्हंजी हुडकाय बरं पडतं."

लग्न होऊन मी विंझरला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझं माहेर वरवे बुद्रुक. पुण्या-साताऱ्याच्या हमरस्त्याजवळचं गाव. तिथं दिवसभर माणसांची ये-जा. कुणी कुणाची वाट बघत बसत नसे. लग्नाची हळद अजून अंगावर होती आणि मी शेजारच्या बायकांबरोबर नदीवर गेले. जाताना खालच्या वाटेनं येते म्हणून सांगितलं होतं. धुणं झाल्यावर बायका म्हणाल्या, चल, वरच्या अंगानं जाऊ, आमचं शेत दाखवतो. बोलत बोलत, बोरं वेचत आम्ही आलो. घरी येऊन बघते तर अंगणात माणसं गोळा झालेली, आणि मामंजी घरात नाहीत.

थोड्या वेळानं ते आले. छातीपर्यंत भिजलेले, पागोटं हातात. धुण्याचा दगड ओला आणि माणूस नाही, हे बघून ते सरळ पाण्यात उतरले होते. सासऱ्यानं नव्या सुनेला नावानं हाक मारायची नसते, पण त्यांनी नदीकाठानं माझ्या नावानं हाका मारल्या होत्या. सगळ्या गावानं त्या ऐकल्या होत्या. मी दाराआड उभी होते. आता काय बोलतील याची भीती वाटत होती.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आली का? बरं झालं. जेवून घ्या आता."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना कोरडं धोतर दिलं आणि मला आत नेऊन हळूच सांगितलं, "त्यांचं असंच हाय. लढाईवरनं आल्यापास्नं असंच. तू मनावर घिऊ नगंस. पर सांगितलेली वाट मोडू नगंस."

पंचक्रोशीत त्यांना रावजी हवालदार म्हणत. तेव्हा आमचा सगळा मुलूख भोर संस्थानात होता. संस्थानातून आणि आजूबाजूच्या मावळातून पुष्कळ माणसं पहिल्या मोठ्या लढाईत गेली, त्यांत मामंजी होते. बसऱ्याच्या पुढं कुठंतरी नदीकाठच्या एका गावात त्यांची पलटण वेढ्यात सापडली आणि पुढं तुर्कांच्या कैदेत गेली. घरी काहीच कळेना. लढाई संपली, बाकीचे आले, हे आले नाहीत. भाऊबंद म्हणाले, आता दिवस घाला, पोराबाळांच्या नशिबात नाही. आत्याबाई कुंकू पुसायला तयार झाल्या नाहीत. "माज्या हातानं न्हाई पुसणार. त्येनी येऊन सांगावं," असं म्हणाल्या. आणि एके दिवशी दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला माणूस येऊन ओट्याशी उभा राहिला.

ही गोष्ट आत्याबाई मला सांगत, मामंजी कधीच सांगत नसत. पण त्यांनी ती मनात किती जपली होती ते दिसायचं. आत्याबाईंचे गुडघे धरले तेव्हा मामंजींनी हंडा उचलला आणि स्वतः पाणी भरू लागले. त्या काळी पुरुषानं बायकांच्या पाणवठ्यावर जाणं म्हणजे थट्टेचा विषय. पारावर कुणी म्हणालं, "काय हवालदार, सरकारनं पाणक्याची जागा दिली व्हय?" मामंजी थांबले. खांद्यावरचा हंडा नीट केला. म्हणाले, "पलटणीत सायबाच्या घोड्याला पाणी पाजलं म्या. हिला पाजलं तर काय झिजलं?" आणि चालू लागले.

जेवताना त्यांची वेगळीच तऱ्हा. कुणाच्या तोंडाकडं बघत नसत, ताटाकडं बघत. सगळ्यांचं होईपर्यंत स्वतः उठत नसत. माझी धाकटी नणंद सोनू लहानपणी ताटात टाकायची. तिला ते रागवत नसत. तिचं ताट ओढून घ्यायचे आणि तिनं टाकलेलं सगळं, अगदी भाकरीचा करपलेला पापुद्रासुद्धा, खाऊन संपवायचे. मला पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा अन्न डोळ्यांपुढं नको व्हायचं. मामंजी दाराबाहेर बसून राहत. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. नुसती खोकल्याची चाहूल. एक दिवस भोरपर्यंत पायी गेले आणि डाळिंबं घेऊन आले. दाराबाहेरूनच म्हणाले, "पोरी, दोन दाणे खा. कायबी खा. न खाणाऱ्याला कुणी वाचवू शकत न्हाई." मला तेव्हा वाटलं, किती हे काळजीचं माणूस. त्या बोलण्यामागं काय होतं ते कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली.

भाताची झोडणी झाली की मामंजी दर वर्षी पानशेतला जात. मधला डोंगर चढून पलीकडं उतरलं की आंबी नदीच्या काठाशी पानशेत. तिथं काशाई नावाची एक विधवा म्हातारी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा बापू. मामंजी पलटणीतून रजेवर आले असताना हा बापू त्यांच्या मागं लागला आणि त्यांच्याबरोबर जाऊन भरती झाला. काशाईनं तेव्हा मामंजींचा हात धरून सांगितलं होतं, "हवालदारा, माजं येकच हाय. तुज्या पदरात टाकते." बापू परत आला नाही. मामंजी आले.

नवी सून बघायची म्हणून काशाईनं निरोप पाठवला, तेव्हा एका वर्षी मामंजी मलाही घेऊन गेले. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं त्यांनी स्वतः घेतलं. डोंगर उतरेपर्यंत बोलत होते. कुठं पाय घसरतो, कुठं करवंदाची जाळी आहे, सगळं सांगत होते. पानशेतचं शिवार दिसलं तसे गप्प झाले.

काशाई ठेंगणी, काळीसावळी, डोळ्यांत पाणी भरल्यासारखी चमक. मला जवळ घेतलं, ओटी भरली. मग मामंजींसमोर बसून तिनं विचारलं. दर वर्षी ती हेच विचारायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"हवालदारा, जाताना माज्या बापूच्या पोटात काय व्हतं रं?"

"भात व्हता, आई. ऊन ऊन भात."

"पोटभर?"

"व्हय. पोटभर."

म्हातारीनं मान डोलावली आणि पदरानं डोळे पुसले. तिचं समाधान झालेलं दिसलं. मामंजींचे दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. परतताना डोंगरमाथ्यावर ते पाठ करून बराच वेळ बसले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर घेतला नाही.

अशी वर्षं गेली. मला दोन मुलं झाली. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि आमच्या भागात भरतीची माणसं फिरू लागली. मामंजींचं चित्त थाऱ्यावर राहीना. पारावर कुणी लढाईचं बोललं की उठून घरी यायचे. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा ऐन उमेदीत. शेत थोडं, खाणारी तोंडं जास्त. त्यांच्या मनात भरती व्हायचं आलं होतं. मला माहीत होतं, आत्याबाईंना माहीत होतं. मामंजींना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असणारच. त्या दिवसांत ते मुलाच्या ताटाकडं बघत नसत. तोंडाकडं बघत.

वेल्ह्याला बाजाराच्या दिवशी भरतीची सभा ठरली. मामलेदारांचं बोलावणं आलं की जुने शिपाईगडी म्हणून हवालदारांनी बिल्ले लावून यावं, खुर्चीवर बसावं, पोरांना दोन शब्द सांगावेत. आदल्या दिवसापासून मामंजी जेवले नाहीत. या माणसानं ताट तसंच ठेवलं, हे आत्याबाईंनी बघितलं. त्या मला म्हणाल्या, "बाजाराच्या निमित्तानं आपुनबी जाऊ. मला ह्यांचं लक्षान ठीक दिसत न्हाई."

मैदानात मांडव घातला होता. एका बाजूला वाजंत्री. भरती होणाऱ्या पोरांची रांग लागली होती आणि त्या रांगेत आमचे हे उभे होते. आम्ही बायका बाजाराच्या कडेला, मडकी विकणाऱ्यांच्या मागं उभ्या राहिलो. मामलेदार बोलले, भरतीसाठी आलेला गोरा साहेब बोलला. मग मामंजी उठले. छातीवर बिल्ले होते. मामलेदारांनी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"पोरांनो, गोळीनं माणूस मरतं त्ये समद्यास्नी ठाव हाय," ते म्हणाले. "आमी भुकंनं मेलो. नदीकाठच्या गावात कोंडून पडलो व्हतो. दाणा सपला. मग सायबानं पलटणीची घोडी कापाय लावली. लई जणांनी तोंड फिरवलं. धरम जातो म्हनले. पानशेतचा बापू माज्या हाताखाली व्हता. त्यानं खाल्लं न्हाई. वाळत वाळत माज्या मांडीवर गेला."

मामंजींनी रांगेकडं पाहिलं.

"म्या खाल्लं. म्या रावजी, विंझरचा, म्या घोडं खाल्लं. घरी बायको हाय, पोर हाय, मला जायाचं हाय, म्हनून खाल्लं. म्हनून हितं हुबा हाय."

मागं कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. मामलेदार खुर्चीत सरकून बसले. साहेबाला काय कळलं कोण जाणे, तो गंभीर चेहऱ्यानं बघत होता. माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती आमच्यापासून थोडी बाजूला सरकली. आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बांगड्या माझ्या हातात रुतत होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

"भरती व्हयाचं त्यानं खुशाल व्हावं," मामंजी पुढं म्हणाले. "म्या कुणाला आडवत न्हाई. माजाबी लेक वळीत हाय. पर जायाच्या आदी आईला ईचारा, ताटात कायबी आलं तर खाऊ का? तिनं व्हय म्हनल्याबिगर पाऊल उचलू नगा."

ते बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामलेदारांनी घाईनं वाजंत्रीला खूण केली. वाजंत्री वाजू लागली आणि रांग मोडली. काही पोरं हसत होती, काही घाबरली होती. पण कितीतरी पोरं खरंच बाजारात शिरली आणि आपापल्या आयांना शोधू लागली. मिरच्यांच्या ढिगाशी, कापडाच्या पालाशी ती जाऊन उभी राहिली आणि मान खाली घालून काहीतरी विचारू लागली.

आमचे हेही आले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. आईसमोर उभे राहिले.

"आये, खाऊ का?"

माझं मनगट सोडून आत्याबाईंनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "खा बाबा. दगूड दिला तर दगूड खा. पर ये."

त्या दिवशी घरी येताना गावातले लोक आमच्या पुढं चालले होते. रोज बरोबर चालणारी माणसं होती ती. आता कुणी मागं वळून थांबत नव्हतं. दुसरी एक काळजी याहून मोठी होती. सोनूचं लग्न वरव्याला, माझ्याच माहेरच्या नात्यात ठरत आलं होतं. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. आत्याबाई चुलीपुढं बसून म्हणाल्या, "अवं, पोरीचं व्हईस्तोवर तरी थांबायचं व्हतं."

मामंजी म्हणाले, "तिचं तितं लगीन मोडंल. हितं ह्या पोरांचं मरान व्हतं. काय करू?" मग थोडं थांबून, "माजा जीव तिकडं पानशेतला लागलाया. बाजारची माणसं उद्या पोचत्याली. दुसऱ्याच्या तोंडनं आईला कळलं तर तिचं काळीज फुटंल. मला आदी जाया पायजे."

सकाळी उजाडताच निघाले. आत्याबाईंनी मला मागून धाडलं, "एकटं सोडवत न्हाई, संगं जा." मामंजींचं वय झालेलं, तरी डोंगर ते पळत चढले म्हणायला हवं. वाटेत पानशेतकडची दोन माणसं पुढं जाताना दिसली तसे ते जास्तच झपाट्यानं निघाले; दम उखडला, पण थांबले नाहीत. त्या माणसांना गाठून मागं टाकलं. मला त्यांच्या पाठीमागं चालताना सारखं वाटत होतं की हे इथंच कोसळतील.

काशाई अंगणात नाचणी पाखडत बसली होती. बिनवेळेला आलेले बघून तिनं सूप खाली ठेवलं.

मामंजी उभ्यानंच बोलले. "आई, म्या तुज्याशी खोटं बोललो. बापूच्या पोटात भात नव्हता. काय बी नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घोड्याचं, स्वतः खाल्ल्याचं, बापूनं तोंड फिरवल्याचं. म्हातारी ऐकत होती. तिनं सूप परत उचललं आणि पाखडू लागली. नाचणीचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, ही आता ओरडणार, अंगावर धावून जाणार. तिनं फक्त विचारलं,

"तू त्याला खा म्हनला न्हाईस?"

"लई म्हनलो. पाया पडलो. तोंडात कोंबलं, त्यानं थुकलं."

"का थुकलं?"

मामंजींनी मान खाली घातली.

"हवालदारा, का थुकलं?"

"म्हनला, घोडं खाऊन आईला कंचं तोंड दाखवू? आई घरात घ्याची न्हाई."

सूप थांबलं. कोंबड्या येऊन सुपातली नाचणी टिपू लागल्या, तरी तिनं हाकललं नाही.

"माजं नाव घेतलं?"

"व्हय, आई."

"आरं माज्या बापू," ती म्हणाली, आणि पुढचं ती आम्हांला नव्हे, मुलालाच सांगत होती. "तोंड धुतलं आसतं की रं तुजं. ह्या हातानं तोंड धुतलं आसतं आन् घेतला आसता घरात."

मग मामंजींकडं न बघता म्हणाली, "जा तू आता."

पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही परत निघालो. डोंगर चढताना मामंजींचे पाय ओढत होते. माथ्यावर मला म्हणाले, "पोरी, भात व्हता म्हनत व्हतो तवर तिचं पोर पोटभर जेवून गेल्यालं. आज म्या त्याला उपाशी मारला." मी त्यांच्या पुढं चालू लागले, म्हणजे रडताना त्यांना माझ्यापासून तोंड लपवावं लागणार नाही.

आमचे हे भरती होऊन गेले. सोनूच्या होणाऱ्या सासरचे लोक मात्र येईनात. निरोप नाही, काही नाही. आत्याबाई रोज अंगण झाडून ठेवत. शेजारणी हळदीकुंकवाला बोलावीनाशा झाल्या. शेवटी एक दिवस मुलाचा बाप आणि दोन जाणती माणसं आली. ओट्यावर बसली, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. तेवढ्यावरूनच आम्हांला कळलं. सोनू आत फडताळाशी तोंड करून उभी होती.

"हवालदार, तुमच्याबद्दल मनात काय न्हाई," मुलाचा बाप म्हणत होता, "पर भावकी हाय, चार लोक हायत..."

तेवढ्यात अंगणात कोणीतरी काठी टेकल्याचा आवाज झाला. काशाई आली होती. एकटी, डोंगर चढून-उतरून, धापा टाकत. तिला बघून मामंजी उठून उभे राहिले. ती पाहुण्यांसमोर काय बोलेल, या भीतीनं मी दाराची चौकट धरली.

ती ओट्यावर चढली, खांबाला टेकून बसली. आत्याबाईंना म्हणाली, "रावजीचं ताट वाढ."

आत्याबाईंनी ताट वाढून आणलं. भाकरी, भाजी, भात. काशाईनं ते मामंजींपुढं सरकवलं. "खा."

मामंजींनी भाकरी मोडली. एक घास त्यांनी कसाबसा गिळला. तशी म्हातारीनं हात पुढं केला, त्यांच्याच ताटातली, त्यांनी मोडलेली भाकरी उचलली आणि खाऊ लागली. सावकाश, चावून चावून. मग पाहुण्यांकडं वळली.

"माजं पोर धरम राखून मेलं. ह्यानं खाल्लं, जगला, आन् माज्या दारात तांदूळ घिऊन आला, वरसावरसाला. मला इचाराल तर मला खाल्ल्यालं पोर पायजेल व्हतं. तुमाला कसलं पायजे त्ये तुमी बगा."

मुलाचा बाप जमिनीकडं बघत राहिला. मग त्यानं बाजूचा तांब्या उचलला, वरून पाणी प्याला आणि तांब्या खाली ठेवत आत्याबाईंना म्हणाला, "वयनी, आमालाबी वाढा."

सोनूचं लग्न झालं. पण सगळं सरळ झालं असं नाही. आमच्या समोरच्या घरातले म्हातारे नंतर कधीही आमच्याकडं जेवले नाहीत. मामंजी त्यांना वाटेत भेटले की रामराम घालत, ते मान वळवत. मामंजी तरी घालत.

पुढच्या साली सरकारी तार आली. आमचे हे परमुलखात शत्रूच्या कैदेत सापडले होते. ज्या माणसाला बकरू उशिरा आलं तरी चैन पडत नसे, तो माणूस त्या दिवशी एकदम शांत झाला. ती शांतता मला त्यांच्या घालमेलीपेक्षा जास्त भीती दाखवायची. वाट विचारणं बंद झालं. मुलं कुठंही गेली तरी विचारीनात. कैद काय असते ते आमच्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि ते आम्हांला सांगत नव्हते.

तेव्हा काशाई आमच्याकडं येऊन राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. गाठोडं घेऊन आली आणि चुलीजवळची जागा धरली. ती आणि मामंजी दिवसभर ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसत. कुणाचा चेहरा उतरला की म्हातारी म्हणायची, "त्याला आईनं व्हय म्हनल्यालं हाय. त्यो खातोय." एवढंच. पण ते ऐकून आम्ही उठून कामाला लागायचो. मामंजीही जेवायचे.

लढाई संपली आणि एका दुपारी आमचे हे मार्गासनीकडून चालत आले. मी शेतात होते. कुणीतरी हाक मारली, मी धावत गेले तर ओट्यावर ते बसलेले, आणि मामंजी त्यांच्यासमोर उकिडवे बसून त्यांचे पाय चाचपत होते. टाच, घोटा, बोटं. कैदेत माणूस आधी पायांनी जातो, एवढंच म्हणाले. आमचे हे आईला सांगत होते, "आये, समदं खाल्लं." काय खाल्लं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

काशाई मग पानशेतला परत गेली. आमच्या ह्यांना पुण्याला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. सामान बांधून झालं, आणि तेवढ्यात पानशेतहून निरोप आला की काशाई गेली. मामंजी एकटेच निघाले. त्या वेळी त्यांनी कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. तिची भावकी होती, पुतणे होते. पण ते मामंजींना काही बोलले नाहीत म्हणे. अग्नी मामंजींनी दिला, दिवसही त्यांनीच केले. आम्ही जाणं पुढं ढकललं आणि त्यांची वाट बघत राहिलो.

त्यानंतरही मामंजी पुष्कळ जगले. सोनूची मुलं, माझी मुलं त्यांनी अंगाखांद्यावर खेळवली. शेवटी अंथरुणावर होते तेही मी पाहिलं आहे. पण आठवण काढली की ते दिसतात ते त्या दिवसाचे. आत्याबाई आणि मी अंगणात तांदूळ निवडत होतो. डोंगराकडच्या वाटेनं कुणी म्हातारा येत होता. डोकं तुळतुळीत, अंगावर नुसतं उपरणं. आम्ही ओळखलं नाही. तो जवळ आला, आणि मग दिसलं की मामंजींच्या ओठांवर मिशी नव्हती. पलटणीपासून राखलेली ती भरघोस मिशी त्यांनी काशाईसाठी उतरवली होती. आईबाप गेल्यावर पोटच्या मुलानं उतरवायची असते तशी. तिच्या खालचं कातडं गोरं, कोवळं होतं, उन्हानं रापलेल्या चेहऱ्यात उगाच पोरासारखं दिसणारं.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "अवं," त्या म्हणाल्या.

मामंजींनी ओठांवरून हात फिरवला, लाजल्यासारखे हसले आणि म्हणाले, "आई गेली गं माजी."